कारण न देता

प्रोजेक्ट संहिताच्या शाळेचा, आणि ताप माझ्या डोक्याला. अमेरिकेची आणि आपली घटना लिहिली जात होती तेव्हा सरकारला किती अधिकार द्यायचे आणि एकट्या माणसाचे किती हक्क लेखी ठेवायचे, यावर झालेले वाद शेजारी शेजारी मांडायचे होते. मी तावातावाने समजावत होतो. तिकडे काही जण म्हणत, सत्तेला आधीच मर्यादा आहेत, मग हक्कांची यादी कशाला? आपल्याकडे काही म्हणत, खटल्याशिवाय माणसाला डांबणारच असाल, तर निदान कारण तरी सांगा.

"हू वॉन, बाबा?" पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मराठीत देईल तर शपथ!

"कारण सांगायचं ठरलं. डांबायची मुभाही कायम राहिली. आणि बरं का, एक घटना मीपण लिहिलीय," मी फुशारकी मारली आणि आमच्या मराठी मंडळाची वही काढली. दोन हजार चार, नीउ-व्हेनेप या डच गावातला भाड्याचा हॉल, बत्तीस कुटुंबं. संहिताला मराठी वाचता येत नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचलं.

"मालिनीताई: सभासदाला काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं. राजन: आपण सगळी घरचीच माणसं, कोर्टबाजी हवीय कशाला? कलम सात: समिती कारण न देता सभासदत्व रद्द करू शकेल. मंजूर."

माझ्या त्या वाक्यावर तेव्हा सगळे हसले होते. मालिनीताईंना गप्प केलं म्हणून मी घरी येऊन बायकोला, शैलाला, दोनदा सांगितलं होतं.

"लाइक मृदुलामावशी?" संहिताने विचारलं.

मी वही मिटली.

मृदुला मार्चमध्ये नवऱ्याला, अरुणला, सोडून वेगळी राहायला लागली. स्लोटरडाइकच्या ऑफिसात अरुण माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. "ती आली तर मी येणार नाही," एवढंच तो म्हणाला. तिचं सभासदत्व रद्द करायला समितीला दहा मिनिटं लागली. दोन ओळींची मेल मी लिहिली. दोन वर्षं आमच्या पोरांना गाणी शिकवणारी बाई, या देशात आमच्याशिवाय तिला कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. साधा एक फोन करायला काय झालं होतं मला?

शनिवारी सकाळी सायकल काढली आणि तिच्या खोलीवर गेलो. तिने चहा केला.

"चुकलं गं माझं," मी म्हणालो. "उद्या सभा आहे. ठराव मांडतो, तुला परत घेऊ."

"ठरावाचं राहू द्या, राजनदादा. अरुण मला मारायचा. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते."

"अगं, मला खरंच माहीत नव्हतं!"

साफ खोटं. दिवाळीत ताट पुढे करताना तिच्या मनगटावरचे वळ मी पाहिले होते. पाहिले होते म्हणूनच तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं, आणि सोमवारी त्याच्याशेजारी बसायचं होतं.

मृदुलाने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आता तर माहीत झालं ना? मग उद्या ठराव मांडताना हेच सांगा. सगळ्यांसमोर."

"अरुणसमोर?" मी पटकन विचारलं, आणि माझाच आवाज ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.