त्र्यंबकरावांचं घर लांब जातंय

त्र्यंबकराव उमरीकरांचं घर रोज संध्याकाळी पाच वाजता विजेच्या एका खांबाइतकं परभणीपासून लांब जातं. श्रावणापासून जातंय. आधी ते भाजी मंडईच्या मागे होतं. पहिल्या दिवशी ते गल्लीतून निघून जिंतूर रस्त्याला लागलं, तेव्हा शेजारच्या दोन घरांच्या भिंती एकमेकींना टेकल्या आणि मधे कधी घर होतं हे पोस्टमनसुद्धा विसरला. घर अंगणासकट जातं, ओट्यासकट, दोरीवरच्या कपड्यांसकट. आवाज होत नाही.

गुढीपाडव्याला, सात वर्षांनी परभणीत झालेल्या मैफलीत त्र्यंबकराव नेहमीसारखे गायला बसले होते. तंबोरे लागले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पाणी प्यायले, साथीदारांना म्हणाले, "तुम्ही वाजवा," आणि चपला घालून घरी गेले. साथीदारांनी पाऊण तास वाजवलं. आम्ही कोणी उठलो नाही. घसा बसला असेल असं वाटलं. मग कोणी ज्येष्ठमध पाठवला, कोणी नवस बोललं.

घर निघाल्यापासून दर खांबाला त्यांचं एक गाणं जातं. सगळ्या कॅसेटींमधून, सगळ्या मोबाइलमधून, एकाच वेळी. तबला आणि पेटी राहतात. गायकाला जागा देत, मधेच थांबून वाट बघत वाजत राहतात. गेलेलं गाणं गुणगुणताही येत नाही. शब्द आठवतात, पण पाठ केलेल्या धड्यासारखे.

आमच्या श्रोता मंडळाचे अध्यक्ष कळसकर सर. आयुष्यभर भूगोल शिकवला. घर कुठल्या दिशेला सरकतंय ते त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं. मंडळातल्या नजमाआपांचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथे दिवसभर त्र्यंबकरावच लागलेले असायचे आणि हातात बांगडी चढताना बायका ओरडत नसत. आता दुकानात नुसता तबला वाजतो आणि बायका ओरडतात.

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. माझ्याकडे एकच कॅसेट आहे, नाट्यगृहातल्या मैफलीची. तिच्यात शेवटचं गाणं संपतं आणि टाळ्यांच्या आधी एक माणूस ओरडतो, "वा, त्र्यंबकराव! अजून एकदा!" तो माझा नवरा. विश्वंभर पाणीपुरवठ्यात फिटर होते आणि घरात इतकं हळू बोलायचे की मला दोनदा विचारावं लागे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा आवाज त्या पाच सेकंदांखेरीज कुठेच नाही. गाणी जायला लागली तेव्हा कळलं की गाण्याबरोबर त्याला मिळालेली दादही जाते.

माघात सात गाणी उरली. माझ्या कॅसेटमधलं शेवटचं त्यात होतं.

"आता जायलाच हवं," कळसकर सर म्हणाले. त्यांनी विनंतीपत्र लिहिलं होतं. नजमाआपांनी दुकान बंद केलं. आम्ही तिघं दुपारी रिक्षानं निघालो. नऊ किलोमीटरवर रिक्षावाल्यानं गाडी थांबवली.

"पुढं रस्ता नवीन आहे," तो म्हणाला. "मला सवय नाही."

आम्ही उतरून चालत गेलो. घर कापसाच्या रिकाम्या शेताजवळ उभं होतं. इंदूवहिनींनी, म्हणजे त्र्यंबकरावांच्या पत्नीनं, आम्हाला ताक दिलं. "बरं झालं आज आलात. उद्या आणखी चालावं लागलं असतं."

त्र्यंबकराव अंगणात रोपांमध्ये बसले होते. ते मोसंबीचे डोळे भरत होते, म्हणजे कलमं बांधत होते. खुंटाच्या सालीला छेद द्यायचा, चांगल्या झाडाचा डोळा त्यात सरकवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. त्यांची बोटं थरथरत नव्हती. चेहरा भरला होता. त्यांची तब्येत इतकी छान मी कधीच पाहिली नव्हती.

कळसकर सरांनी उभं राहून पत्र वाचलं.

"बसा सर," त्र्यंबकराव म्हणाले. "उन्हातून आलात."

"तुम्ही गाणं का सोडलंत?" नजमाआपांनी सरळ विचारलं.

"सोडलं नाही हो. उतरलं. अंगातला ताप उतरतो ना, तसं. पंचावन्न वर्षं ताप होता. आता बराय मी."

"आणि आम्ही?"

त्यांनी हातातली पट्टी गुंडाळून पुरी केली. मग म्हणाले, "तुम्हाला मी आजारीच हवाय का, आपा?"

नजमाआपांनी मान खाली घातली. हो म्हणायचं होतं त्यांना. मलाही. कळसकर सरांनी पत्राची घडी केली, उलगडली, परत केली.

"पावणेपाच झाले," इंदूवहिनी म्हणाल्या. "ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरून घ्या."

सर आणि आपा फाटकाबाहेर रस्त्यावर गेले. मी म्हटलं, "दोन मिनिटांत आले."

मी त्र्यंबकरावांसमोर उकिडवी बसले आणि पर्समधून कॅसेट काढली. विश्वंभरांचं सगळं सांगितलं. म्हटलं, तेवढं एक गाणं म्हणा, अर्धं म्हणा, म्हणजे ते टिकेल.

त्यांनी चाकू खाली ठेवला. तोंड उघडलं. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. आतून ओल्या मातीचा वास आला, बाकी काही नाही.

"गाणं आठवत नाही," ते म्हणाले. "पण तो माणूस आठवतो. चौथी रांग, कडेची खुर्ची. चष्म्याला दोरी होती."

"होती."

"अजून एकदा म्हणाले होते. मी नाही गायलो. दमलो होतो. वाटलं, पुढच्या खेपेला गाऊ."

"त्यानंतर तुम्ही परभणीत सात वर्षं मैफल केली नाहीत."

"हो का?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडाच राहिला. "मला माफ करा."

मी म्हटलं, "केलं." केलं नव्हतं.

"प्रमिलाताई, चला!" रस्त्यावरून नजमाआपांनी हाक मारली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की घर माझ्यापासून लांब गेलं तरच गाणं जाणार. मी घरातच राहिले तर घर माझ्यापासून लांब जाईल कसं? इतके महिने हे कोणालाच कसं सुचलं नाही, याचं मला नवल वाटलं. मी उठले नाही.

"टेपरेकॉर्डर आहे का हो?" मी इंदूवहिनींना विचारलं.

"गेल्या महिन्यात वाटेत उतरवून ठेवला. उगाच ओझं."

त्र्यंबकरावांनी माझ्या हातात एक रोप दिलं. "धरून ठेवा. निघताना कलंडतात."

पाच वाजले. फाटकाबाहेरचा रस्ता मागे सरकायला लागला. सर आणि आपा पळत आले. सरांनी फाटकाला हात लावला, पण ते पंचाहत्तरचे आहेत. त्यांचा हात सुटला. थोडं धावून ते मैलाच्या दगडावर बसले आणि दोन्ही हातांनी छाती धरून आमच्याकडे बघत राहिले.

"प्रमिलाबाई!" ते ओरडले. एवढंच शेवटचं ऐकू आलं.

खांब आला. घर थांबलं नाही.

"आज थांबत नाही वाटतं," इंदूवहिनी म्हणाल्या आणि दोरीवरचे कपडे काढायला लागल्या.

दुसरा खांब आला. तिसरा गेला. मी ओट्यावर चढून उभी राहिले. चौथ्या खांबाला माझ्या लक्षात आलं की मला नाट्यगृह आठवतंय, चौथी रांग आठवतेय, विश्वंभर खुर्चीतून अर्धे उठलेत, त्यांचं तोंड उघडं आहे. ते काय म्हणताहेत ते मी ओठांवरून वाचत होते.

"मला उतरवा," मी म्हटलं.

"फाटक उघडंच आहे," त्र्यंबकराव म्हणाले. ते पुढच्या खुंटाला छेद देत होते.

मी फाटकापर्यंत गेले. खाली रस्ता नव्हता, कापसाची वाळलेली झाडं होती, आणि ती फार खाली होती.

नजमाआपा मात्र थांबल्या नव्हत्या. पळणं सोडून त्या आता चालत होत्या, चपला हातात घेऊन, घर जितक्या वेगानं चाललं होतं तितक्याच वेगानं. अंतर वाढत नव्हतं आणि कमीही होत नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. त्या मला बोलावत असतील, शिव्या देत असतील, किंवा गात असतील. सातवा खांब गेला, म्हणजे शेवटचं गाणंही. मी रोप छातीशी धरून फाटकात उभी होते, आणि त्यांचे ओठ अजून हलत होते.