जिवंत दगडातला किडा

बनुबाईच्या नवऱ्याचं नावच कारभारी. त्या कारभाऱ्यांचा उभा जन्म खाऱ्या पाण्याशी भांडण्यात गेला. विहीर मचूळ, खालच्या तुकड्यात मीठ फुटलेलं. चर खणून, माती धुऊन त्यांनी ते रान ताळ्यावर आणलं. आणि आता तेच कारभारी ओसरीवर बसून बादलीभर गोड पाण्यात मापानं मीठ कालवताना पाहिले, की हसावं का रडावं हे बनुबाईला कळत नसे.

हा उद्योग लेकानं लावलेला. रविराज नागापूरच्या कंपनीत होता, त्याची बदली चेन्नईला झाली. तिथं घर मिळेपर्यंत त्यानं आपली काचेची समुद्री पेटी गावी आणून ठेवली. पेटीत दोन केशरी मासे आणि भोकाभोकांचा एक मोठा दगड. सुरुवातीला कारभाऱ्यांनी कुरकुर केली. पुढं पुढं ते माशांना दाखवल्याशिवाय चहा पिईनात.

मग एक मासा नाहीसा झाला. मांजराला पेटीचं झाकण उघडता येत नव्हतं, म्हणून कारभाऱ्यांनी दगडाचा संशय घेतला. भोकात बोट घालून पाहिलं आणि बोंबलत बाहेर काढलं. बोटात बारीक कुसळंच कुसळं! बनुबाईनं चिकटपट्टी लावून ती ओढून काढली, आणि रविराजला फोन लावून कारभाऱ्यांच्या हातात दिला.

"आबा, त्याला जिवंत दगड म्हणतात," रविराज म्हणाला. "त्याच्या भोकांत किडे असतात. बारके चांगले, उष्टं-खरकटं साफ करतात. पण एखादा मोठा निघाला तर मासे खातो."

"दगड जिता असतो व्हय रं?" कारभाऱ्यांना बोटाचा विसर पडला.

"बाटलीत आमिष ठेवा. तो अंधारातच बाहेर येतो. तांबडा उजेड मात्र त्याला दिसत नाही."

आता पंचाईत अशी, की जेवण झालं की कारभाऱ्यांचा डोळा उघडा राहत नसे. त्यांनी दोन दिवस विचार केला. "आपल्याला रातीला जागता येत न्हाई ना? मग रातीला हितं आनू."

भर दुपारी बनुबाईनं दारं-खिडक्या लावल्या. पेटीवर गोधडी टाकली. बॅटरीला खणाची तांबडी चिंधी बांधली. बाटलीत सुका बोंबील घालून ती दगडाजवळ आडवी ठेवली. कारभाऱ्यांनी मोबाईलवर रातकिड्यांचा आवाज लावला, कारण किड्याला खात्री पटायला हवी. मग दोघं खाली मान घालून पेटीशेजारी बसली.

तेवढ्यात शेजारची मनकर्णा विरजण मागायला आली. तिनं दार ढकललं. अंधार, गोधडीखाली झाकलेलं काहीतरी, आणि दोघं म्हातारी मुकाट बसलेली. मनकर्णानं तिथंच बसकण मारून गळा काढला. मेलं कोण ते मागाहून विचारता येतं, रडायला उशीर करून चालत नाही, अशी तिची रीत.

आळी गोळा झाली. कारभारी उंबऱ्यात आले आणि दबक्या आवाजात ओरडले, "गप ऱ्हावा! रात हाय!"

पुढच्या माणसानं डोक्यावरच्या उन्हाकडं पाहिलं. कारभाऱ्यांच्या शब्दाला गावात मान होता. त्यानं मागच्याच्या कानात सांगितलं, "रात हाय म्हने." बघता बघता ते गल्लीभर पसरलं. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं आणि चौघांनी मिळून तो ढकलत नेला. पारावर एकजण खरोखरच घोरायला लागला.

"बनुबाय, मंग मेलं कोन?" मनकर्णानं कुजबुजत विचारलं.

"मासा."

मनकर्णानं पदरानं डोळे पुसले. "लई वाईट झालं," ती म्हणाली, आणि तीही पेटीशेजारी टेकली.

बनुबाईनं गोधडीचं टोक उचलून तांबडा उजेड सोडला. भोकातून आधी मिशा आल्या, मग डोकं, मग अंग येतच राहिलं. हातभर लांब, आणि बॅटरीवरची चिंधी जराशी सरकून पांढरा उजेड पडला तिथं मोराच्या मानेसारखं झळकणारं. तो बोंबलाच्या वासानं बाटलीत शिरला, गुंडाळी करून बसला. कारभाऱ्यांनी हातमोजा चढवला आणि बाटलीचं झाकण लावलं.

"रॉकेल वता त्याच्यावर," मनकर्णा म्हणाली.

"विहिरीत सोडा," बाहेरून कुणीतरी सुचवलं.

"विहिरीत? तिथलं मीठ ह्याला पुरायचं न्हाई, तडफडून मरंल बिचारा!" बनुबाई इतक्या जोरात म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं. मघापासून ती त्या रंगांकडं पाहत होती. "मासा खाल्ला त्यानं. पन त्याला कुनी भाकरी वाढली हुती का?"

मग तिनं लोणच्याची काचेची बरणी घासून-पुसून आणली. कारभाऱ्यांनी मिठाचं पाणी कालवलं, तळाशी दगडाचा तुकडा ठेवला, आणि किडा त्यात राहायला गेला. उरलेला मासा पेटीत निर्धास्त फिरू लागला. आठवड्याला बरणीत बोंबलाचा तुकडा पडे. पाव्हणेरावळे आले की आधी बरणी दाखवायची आणि मग पाणी द्यायचं, असा घरात शिरस्ताच पडला.

दिवाळीला रविराज पेटी न्यायला आला. बायको संस्कृती बरोबर होती. तिनं बरणीत डोकावलं आणि दोन पावलं मागं सरली.

"आबा, हा अजून जिवंत ठेवलाय तुम्ही?"

"मासा न्या, पेटी न्या," बनुबाई मधेच म्हणाली. "ह्यो आमच्यात ऱ्हातो."

कारभाऱ्यांना वेगळीच काळजी होती. त्यांनी लेकाला बाजूला घेतलं. "ह्ये किडं जगतात किती रं?"

"नीट सांभाळलं तर पुष्कळ वर्षं, आबा."

कारभाऱ्यांनी धोतराच्या सोग्यानं बरणीची काच पुसली. मग संस्कृतीकडं वळून गंभीरपणे म्हणाले, "मग सूनबाई, आमच्या मागं ह्याला सांभाळायला वारस म्हनून तुमचं नाव लावावं लागंल."