माझ्या नावावरचा शनी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझा जन्म कपडे धुण्याच्या खोलीत झाला. डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्ग गावी थोर्किल नावाचे एक म्हातारे पाववाले राहतात. बेकरी सोडल्यावर त्यांनी काचेची एक जाड चकती आणली आणि कुरुंदाची पूड घालून ती हिवाळाभर घासली. वर चकाकता मुलामा चढवला, तोच माझा आरसा. माझी नळी प्लायवूडची. "बेकरीत नव्हतं एवढं पीठ घरात केलंस!" असं त्यांची बायको एल्सेबेथ ओरडायची. पण पहिल्यांदा चंद्र पाहिल्यावर तीच कितीतरी वेळ माझ्यापासून हलली नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच काळोख होतो. थोर्किल मला मागच्या बागेत उभं करायचे आणि छोटा कॅमेरा जोडायचे. हवा हलली की ग्रह थरथरतो. म्हणून ते त्याचं लांबलचक चित्रण करायचे, त्यातले स्थिर क्षण वेचायचे आणि एकावर एक रचायचे. गुरूचे पट्टे आम्ही असेच मिळवले. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग गावच्या वाचनालयाने प्रदर्शन मांडलं आणि त्यांना शनी हवा होता. आमचा शनी धूसर आला. थोर्किलनी संगणकावरून कुणा परक्याचा शनी घेतला, चांगलं रुंद कडं असलेला, आणि खाली लिहिलं, 'घरी बनवलेल्या दुर्बिणीतून, याच आठवड्यात'. शेजारी मला उभं केलं.

"या लाकडी नळकांड्यातून? कमाल आहे बुवा!" लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते. मला वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि मी तिच्यात जावं.

शेजारच्या ग्रेथेबाई मात्र फोटोवर थांबल्या नाहीत. "थोर्किल, मला खराखुरा दाखव. डोळ्याचं ऑपरेशन आहे माझं. नंतर दिसेल, न दिसेल."

थोर्किल ढगांची सबब सांगत राहिले. शेवटी एका निरभ्र संध्याकाळी त्या स्वतःच स्टूल घेऊन आल्या आणि माझ्याशी डोळा लावून बसल्या.

"अरे, कडं कुठे गेलं? लिंबात काडी खुपसल्यासारखं दिसतंय!"

"यंदा त्याची नुसती पातळ धार आपल्याकडे वळलीय," थोर्किल पुटपुटले.

"मग फोटोत एवढं रुंद कसं? याच आठवड्यातला ना तो?"

स्वयंपाकघराच्या दारात एल्सेबेथ भांडं पुसता पुसता थांबली.

"तो माझा नाही, ग्रेथे. दुसऱ्याचा उचलला."

ग्रेथेबाईंनी पुन्हा आत पाहिलं. "हा काडीवाला किती गोड आहे रे! आणि हाच लपवत होतास माझ्यापासून?"

दुसऱ्या दिवशी थोर्किलनी वाचनालयात जाऊन सगळं सांगितलं आणि फोटो उतरवला. मला मात्र शेडमध्ये फावड्यामागे ठेवलं. आता फावडं घ्यायला येतात तेव्हा माझ्याकडे बघत नाहीत. मीही मान खाली घालून असते. आरशावर बुरा चढू लागलाय.

काल कुंपणापलीकडून हाक आली, "थोर्किल, एक डोळा वाचलाय! काढ तिला बाहेर!"

थोर्किलची पावलं शेडच्या दारापर्यंत आली, थोडी थांबली आणि परत गेली.

मित्रांनो, आमच्याकडून जेवढं दिसतं तेवढंच आमच्या नावावर मांडा. आणि चूक कबूल केलीत, की आमचं दार उघडायला लाजू नका. शनी अजून रोज संध्याकाळी आकाशात दिसतो आहे.