घाटावरचं दुसरं घड्याळ

यमाजींनी अंगठा दाबला आणि गळ्यातलं घड्याळ बाळासाहेबांपुढे धरलं. बाळासाहेबांनी हाताची सावली करून आकडा वाचला, मग टेबलावरच्या स्क्रीनकडे पाहिलं, मग पुन्हा घड्याळाकडे.

"अकरा ब्याऐंशी," ते म्हणाले. "आन तुझं?"

"बारा एकतीस," सुप्रिया म्हणाली.

"परत अर्धा सेकंद चढवला."

बैलगाड्याच्या शर्यतीत अर्ध्या सेकंदापायी पहिला येणारा गाडा रिकाम्या हाताने घरी जातो, हे शिंदोळीत शेंबड्या पोरालाही कळतं. बैल खालून चढाचा घाट पळत येतात, वरच्या दगडी रेषेवरून चाक गेलं की वेळ थांबते, आणि दिवसभरात सगळ्यात कमी वेळ ज्याची तो घाटाचा राजा. एवढा साधा हिशेब, पण त्यावरून इथे ठरलेल्या सोयरिकी मोडल्या आहेत.

मशीन आणलं ते भांडण मिटवायलाच. घड्याळ धरण्याचं काम सुप्रियाच्या आजोबांचं, यमाजींचं, तिच्या जन्माच्याही आधीपासून. गेल्या जत्रेला तिच्या वडिलांचा, जालिंदरचा गाडा राजा झाला आणि दुसऱ्या नंबरावर राहिलेल्या नदीपलीकडच्या वाघदऱ्याच्या लोकांनी तोंड सोडलं: बापाच्या हातात घड्याळ आणि लेकाच्या घरी ढाल. मग जत्रा कमिटीचे अध्यक्ष बाळासाहेब यांनी सुरुवातीला आणि वरच्या रेषेवर वेळ टिपणारे दोन लेझर आणि डब्याएवढा एक कॉम्प्युटर विकत आणला, आणि ओतूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेल्या सुप्रियाच्या हवाली केला. जुनं घड्याळही शेजारी ठेवलं. नव्या सुनेच्या हातात पहिल्याच दिवशी किल्ल्या कुणी देत नाही.

डबा लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा, कारण तो स्वस्त पडला. वेळ मोजण्याचा प्रोग्रॅम मात्र एका कंपनीचा, रोख मोजून घेतलेला. कंपनीने विकतानाच सांगून टाकलं होतं की लिनक्सवर चालेल, पण अडलं तर आम्हाला फोन करू नका. वापरणाऱ्यांचा टेलिग्रामवर गट आहे, तिथे विचारा. पैसे आम्ही घेतो, बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा, असा तो व्यवहार होता.

आणि जत्रेच्या सकाळीच अडलं. लिनक्स रात्रीतून स्वतःला नवं करून बसलं होतं आणि प्रोग्रॅमला लेझर सापडेनात. सुप्रियाने गटावर लिहिलं. कपातला चहा निवायच्या आत बहिरू नावाच्या कुणीतरी तीन ओळी पाठवल्या. त्यांनी भागलं नाही तेव्हा त्याने विचारलं, मी इकडून आत येऊन बघू का? खाली बैल जुंपायला लागले होते. तिने हो म्हटलं. मग स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरू लागला, आणि तो फिरत होता तेवढा वेळ सुप्रिया मोबाइलच्या नेटच्या बटणावर बोट ठेवून बसली होती. काही भलतं दिसलं तर बंद करून टाकायचं. भलतं काही दिसलं नाही. लेझर लागले. किती द्यायचे, असं तिने विचारलं तर उत्तर आलं, "काही नाही. तुम्हालाही कुणी विचारलं तर सांगा." त्याखाली आणखी एक ओळ होती: "आज तुमच्याच घाटात येतोय. वाघदऱ्याचा गाडा."

ती ओळ तिने कुणाला दाखवली नव्हती.

"मशीनला तुझ्याबिगार कुणी हात लावला व्हता का?" बाळासाहेबांनी विचारलं. आवाज हळू होता, म्हणजे ते रागावले होते.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने सांगितलं. टेबलाभोवतीची पोरं जवळ सरकली.

"वाघदऱ्याच्या मानसानं? फुकट?"

"फुकट."

"आगं, आवळा देऊन कोहळा काढला त्यानं." बाळासाहेब खुर्चीवर टेकले. "सकाळधरनं बघतोय मी. पावण्यांच्या गाड्यांना घड्याळ आन मशीन सारखंच दावतंय. आपला गाडा आला की मशीनचा अर्धा सेकंद जास्त. पाणी कुठं मुरतंय ते आत्ता कळलं."

बहिरूला शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्याच्या गाड्याची बारी होऊन गेली होती. बारा शून्य पाच, घड्याळातही आणि मशीनवरही, आणि त्या घडीला मशीनच्या हिशेबाने तोच सर्वांत पुढे होता. दोन पोरांनी त्याला मधे घेऊन वर आणलं. तिशीचा, बारीक चणीचा माणूस, पॅंटला गुलाल लागलेला. नारायणगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तो तिथली थंडाव्याची यंत्रं सांभाळायचा. त्याने सुप्रियाकडे ओळखीचं हसून पाहिलं. ती हसली नाही.

"प्रोग्रॅमला लेझर वापरायची परवानगी न्हवती, त्यो घोळ काढला आन लेझर जोडून दिलं," तो म्हणाला. "सेकंदाला हात लावला न्हाई."

"पर केलं कशापायी?" बाळासाहेबांनी विचारलं. "आमचं मशीन बंद पडलं तर तुझं काय अडत व्हतं?"

"आमच्या घाटातलं मशीनबी असंच अडलं व्हतं मागं. तवा ओतूरच्या एका बाईनी सांगितलं. गटात असंच चालतं, भाऊ. कंपनी उचलत न्हाई फोन."

"तुला पैसं किती भेटतात?"

"न्हाई भेटत."

खरं उत्तर होतं, पण ऐकायला ते पढवून आणल्यासारखं वाटलं. पैसे घेतो म्हणाला असता तर लोकांनी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवला असता.

"आजून दोन बाऱ्या बघू," बाळासाहेब म्हणाले. "त्यात फरक आला तर मशीन बंद आन तुझा गाडा बाद. आन ह्यो मानूस मशीन फिरवतो, हे मी आख्ख्या तालुक्याच्या घाटांना कळवीन. मग कुठं पळवायचा तिथं पळव."

बहिरूचा चेहरा उतरला. "ताई, तुमी सेटिंग उघडून बघा ना," तो सुप्रियाला म्हणाला. "सगळं समोर हाय."

तिने उघडून बघितलं. वरपासून खालपर्यंत, दोनदा. काहीच सापडलं नाही आणि त्याने तिचा संशय उलट वाढलाच. हुशार चोर माग ठेवत नाही. तिला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण दार तिने उघडलं होतं. उद्या गावात लोक म्हणतील, पोरीच्या हातात दिलं की असंच व्हायचं. तेवढ्यावर थांबतील तर बरं.

पुढची बारी शिंदोळीच्याच एका गाड्याची होती. तिने खुर्ची सरकवली आणि मशीन सोडून आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. घड्याळ आणि स्क्रीन, दोन्ही एका नजरेत यावं म्हणून.

माइकवर पुकारणारा ओरडला, "सुटलाऽऽ!" यमाजींचा अंगठा दबला. धुळीचा लोट वर चढू लागला. गाडा निम्म्यावर आला तशा टोप्या उडाल्या, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि रेषा अजून दहा-बारा हात लांब असताना आपला गाडा येतोय म्हणून सगळा घाट एका घशाने गरजला.

यमाजींचा अंगठा खाली गेला.

बैल अजून रेषेवर आले नव्हते. ते आले, चाक दगडावरून खडखडत गेलं, आणि मग स्क्रीनवरचा आकडा थांबला.

सुप्रियाने आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड रेषेकडे होतं, पण मान किंचित वळलेली, उजवा कान पुढे. मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे त्या दिवसांत अंधारातही कोणतं मेंढरू बाजूला गेलं ते यमाजी ऐकून सांगत, असं घरात कौतुकाने बोललं जाई. आत्ताची मानही तशीच, ऐकणारी होती. पाहुण्यांचा गाडा येताना लोक गप्प राहतात, चाकाचा आवाज ऐकू येतो. आपला गाडा येताना गर्जनेत चाक बुडून जातं, आणि गर्जना चाकाच्या आधी येते.

बाळासाहेब पलीकडे दोन्ही आकडे मोठ्याने वाचून पोरांना ऐकवत होते. बहिरूच्या शेजारचा एक जण त्याच्या अंगावर धावून गेला आणि दुसऱ्याने त्याला मागे ओढलं.

ती आजोबांच्या कानाशी वाकली.

"आबा, डोळ्यांना कधीपासून दिसत न्हाई?"

यमाजींचा अंगठा घड्याळाच्या कडेवरून फिरत राहिला.

"दिसतं की," ते म्हणाले. "घरात दिसतं. उन्हात समदं पांढरं व्हतं."

"गेल्या जत्रेलाबी?"

"गेल्या जत्रेला जरा कमी." मग आणखी हळू ते म्हणाले, "बोललो असतो तर घड्याळ काढून घेतलं असतं गं."

तिला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच. तिथे पलीकडे एक माणूस तिच्या अडचणीला धावून आल्याबद्दल चोर ठरत होता. त्याला वाचवायचं तर एवढ्या माणसांसमोर उभं राहून म्हणायचं, माझे आजोबा आंधळे झालेत. गप्प बसायचं तर त्याला तसाच जाऊ द्यायचा.

माइकवर पुढचं नाव पुकारलं गेलं. जालिंदर. गेल्या वर्षीचा घाटाचा राजा. लोक उठून उभे राहिले.

"आता तुमच्या लेकाची बारी हाय, आबा," बाळासाहेब जवळ येऊन म्हणाले. "नीट धरा घड्याळ. काय त्यो निकाल ह्याच्यावरच."

सुप्रियाने आजोबांच्या पाठीवर हात ठेवला. कुणी पाहिलं असतं तर नात म्हाताऱ्याला धीर देतेय एवढंच दिसलं असतं.

"लोकांचं ऐकू नका," ती पुटपुटली. "मी पाठ दाबीन तवाच."

त्यांनी मान हलवली की नाही, तिला कळलं नाही.

"सुटलाऽऽ!"

जालिंदरचे बैल चांगले सुटले होते. तिने वडिलांकडे पाहिलं नाही, बैलांकडेही नाही. फक्त दगडी रेषेकडे पाहत राहिली. निम्मा घाट मागे पडला, रेषा जवळ आली आणि लोकांनी जो आवाज काढला तसा दिवसभरात निघाला नव्हता. टेबल थरथरलं. हाताखाली यमाजींची पाठ ताठ झाली, अंगठ्यापर्यंत गेलेली शीर वर आली. आत्ता दाबला असता तर लेक पुन्हा राजा झाला असता, आणि बाळासाहेबांनी तोच आकडा पुकारला असता. अंगठा हलला नाही. गर्जना चालूच होती आणि म्हातारा दात आवळून तिच्या बोटांची वाट पाहत होता.

चाक रेषेवर आलं. तिने पाठ दाबली.

बाळासाहेबांनी घड्याळ ओढून घेतलं. "बारा चौदा," त्यांनी वाचलं. मग स्क्रीनवरचा आकडा वाचला. बारा अकरा. त्यांनी पुन्हा दोन्ही वाचले, या वेळी मनात. हाताने दाबायच्या घड्याळात एवढा फरक कुणीच धरत नाही.

"मशीन तर बरोबर हाय," ते कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले. "मग आधीचं कसं काय जुळंना?"

सुप्रियाने उत्तर तयार ठेवलं होतं. लेझरवर धूळ बसली होती, ती मी आत्ता पुसली, चूक माझी. तिने तोंड उघडलंही.

"पावणं कुठं हायेत?" यमाजी मधेच म्हणाले. ते खुर्चीतून उठले होते आणि उजवीकडे पाहत होते.

"हितं हाय, बाबा," बहिरू डावीकडून म्हणाला.

यमाजी आवाजाकडे वळले. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ते वळणं पाहिलं.

"लोकांचं अडलेलं फुकट सोडवता म्हनं तुमी."

"जमंल तेवढं सांगतो."

"मग डोळ्याचं कुनाला इचारायचं, तेवढं सांगा."

बहिरूने आधी म्हाताऱ्याकडे आणि मग बाळासाहेबांच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या दंडाला धरलेल्या पोराने हात सोडला.

"नारायणगावात दाखवू," बहिरू म्हणाला. "उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो."

बाळासाहेबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. गर्दीतून वाट काढत जालिंदर वर आला. एक बैल त्याच्याबरोबर होता, दोघेही धापा टाकत होते, आणि इथे काय झालंय याची त्याला काहीच कल्पना नव्हती.

"आबा, किती आलं?"

"बारा चौदा," यमाजी म्हणाले. "दुसरा आलास."

"दुसरा? मग पयला कोन?"

यमाजींनी बहिरूचा आवाज आला होता त्या बाजूला हात केला. मग लेकाचा खांदा चाचपून शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"गेल्या सालीबी," ते म्हणाले, "बहुतेक तू दुसराच व्हतास."

जालिंदरने बापाच्या डोळ्यांकडे पाहिलं. बैलाने मान हलवली तेव्हा त्याने कासरा आवळून धरला आणि तो तिथेच उभा राहिला.