वरच्या कुरणाला न्या

गावात कुणी गेलं की पहिली धाव ओमुरकुलच्या दारी. मुलगी परदेशातून निघालीय, थांबायचं का? देह तंबूत कुठल्या बाजूला ठेवायचा? न्हाऊ घालणाऱ्यांना काय द्यायचं? म्हातारा चहाचे घोट घेत, न कंटाळता एकेकाला सांगायचा. आणि तो चहा वीस वर्षं ओतला त्याच्या सुनेनं, बुरुलचानं. तिला कुणी शिकवलं नाही, पण कान काही तिचे बंद नव्हते.

काल ओमुरकुलच गेला, आणि विचारायचं कुणाला हे कुणालाच कळेना. अंगणात तंबू उभा राहिला आणि पुरुषांचा नुसता गोंधळ सुरू झाला. एक म्हणे उद्या नेऊ, दुसरा म्हणे परवा. एक गोष्ट मात्र पक्की ठरली होती, आणि तीच चुकीची होती. कबर गावाखालच्या दफनभूमीत, वाडवडिलांच्या ओळीत खणायची.

बुरुलचानं नवऱ्याला, झेनिशला, चुलीपाशी गाठलं.

"अहो, त्यांनी मला सांगितलं होतं. वरच्या कुरणात ठेवा म्हणाले, सासूबाईंच्या शेजारी."

सासू उमसुनाय बारा वर्षांपूर्वी कुरणातच वारली होती. ऐन उन्हाळा, मेंढ्या घेऊन सगळे वर, बर्फ वितळून आलेल्या पुरात रस्ता वाहून गेलेला, म्हणून तिला तिथंच ठेवावं लागलं.

"तुला सांगितलं? मला का नाही?" झेनिश म्हणाला.

"लाजले असतील."

झेनिश बिचारा थोरल्या काकांकडे गेला नि गेला तसाच परतला. शामशी काका म्हणजे ओमुरकुलचा मोठा भाऊ, आवाज असा की घोडे बिचकावेत.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ओमुरकुल गावाचा माणूस, बायकोमागं डोंगर चढणारा नव्हे. आणि सुनेला सांगितलं म्हणे! सुनेनं आधी त्याचं नाव तरी घेऊन दाखवावं, मग त्याचा निरोप सांगावा."

हे लागलं तिला. सासऱ्याचं नाव सून कसं घेणार? वीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. दाराबाहेर चार जण कुदळी घेऊन निघायच्या बेतात होते. ते एकदा खणायला लागले की संपलंच.

एवढ्यात शेजारगावची माणसं हंबरडा फोडत आली. रीतीप्रमाणे पुरुष तंबूबाहेर काठ्यांवर वाकून रडू लागले, कुदळवालेही थांबले. बुरुलचा तंबूत बायकांमध्ये जाऊन उभी राहिली, सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि विलापाचं गाणं धरायची पाळी तिची आली.

विलाप करणाऱ्या बाईला मधे कुणी थांबवत नाही. राजा असला तरी उभं राहून ऐकतो. बुरुलचानं विलापाच्या रीतीनं कमरेवर हात ठेवले. आवाज काही तिचा गोड नव्हता, चांगला घोगरा होता.

"नाव घेत नाही ज्यांचं, त्यांनी सांगितलं मला,
खालच्या ओळीत नको, न्या वरच्या कुरणाला.
बारा हिवाळे एकटी, तिला सोबत नाही कोणी,
मेंढ्या उतरल्या खाली, ती राहिली त्या रानी."

शेजारची जाऊ दचकली. बाहेरचं रडणं हळूहळू थांबलं. बुरुलचानं त्याच चार ओळी पुन्हा म्हटल्या, जरा मोठ्यानं. चूक झाली असली तर आता झालीच होती.

 मग तंबूच्या जाड लोकरी नमद्याच्या भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. घोडेच काय, कोंबडीसुद्धा बिचकली नसती, इतका खाली.

"दर शरदात तो एकटाच वर जायचा. मी विचारलं की म्हणायचा, कुंपण बघून आलो." काकांनी नाक ओढलं. "कुरणाला कुठलं आलंय कुंपण!"

कुणी हसलं नाही.

"सूनबाई," काका म्हणाले, "वर जमीन गोठली असेल आता. कुदळ शिरायची नाही. अशा वेळी काय करा म्हणायचा तो?"

बुरुलचानं डोळे पुसले. हे तर तिनं चहा ओतता ओतता दहादा ऐकलं होतं.

"आधी गोवऱ्या रचून पेटवायच्या, काका. राख बाजूला करून मग खणायचं. आणि खणणाऱ्यांना उपाशी नाही पाठवायचं, असं ते सांगायचे."

"ऐकलंत ना?" काका कुदळवाल्यांवर ओरडले. "गोवऱ्या भरा ट्रॅक्टरमध्ये. आणि आधी चहा घ्या."

बुरुलचा मटकन खाली बसली. विलाप करून झाला होता, पण रडली ती आत्ता.