बोआच्या पेटीतली सफाईवाली

मी एक किडा आहे आणि मी चिडलेय. राखाडी पाठीची, चौदा पायांची, ओल्या पाचोळ्यात राहणारी. आमच्या मेक्सिकोतल्या खालापा शहरात मला 'कोचिनिया' म्हणतात. म्हणजे डुकरीणच म्हणा! नाव ठेवणाऱ्यांचं काय जातं?

कॉफीच्या झाडाखाली, कुजक्या पानांत माझा जन्म झाला. तिथून उबाल्दोने आम्हाला मूठभर पाचोळ्यासकट उचललं आणि त्याने पाळलेल्या रेइना नावाच्या बोआ सापिणीच्या काचेच्या पेटीत सोडलं. काम एकच. तिची विष्ठा, कातेचे तुकडे, बुरशी खाऊन माती साफ ठेवायची. त्याची मला लाज नाही. तेच आमचं जेवण. सुरुवातीला तो पाणी शिंपडायचा, सुकी पानं घालायचा, मोठी घाण स्वतः उचलायचा. उरलेलं आम्ही फस्त करायचो. रेइना कशी चकचकीत दिसायची!

मग पठ्ठ्याला फुशारकीची चटक लागली.

"मित्रा, या पेटीला मी हातसुद्धा लावत नाही," तो शेजारच्या सेनोबियोला म्हणाला. "किडे सगळं करतात."

"मग थोडे तुझ्या मोरीत पण सोड की!"

दोघे खो खो हसले. हसा! त्या दिवसापासून त्याने खरंच हात लावला नाही. पानं संपली, घाण साचत गेली. एवढ्या मोठ्या सापिणीचं आम्ही मूठभर किडे किती उपसणार? माती चिकचिकली. रेइनाच्या पोटाला फोड आले, फुटले, मेलेली कातडी लोंबू लागली. भुकेने आमच्यातले काही तिथे चढले आणि ती कातडी खाऊ लागले. हो, खाल्ली. मेलेलं आम्ही खातोच.

नेमकं तेवढंच उबाल्दोला दिसलं.

"ताई! किडे माझ्या रेइनाला जिवंत खातायत!" असं ओरडत त्याने झुरळं मारायचा फवारा आणला आणि झाकण उघडून सरळ पेटीत मारला. सापीण आतच होती!

माझ्या पोटाखालच्या पिशवीत तेव्हा पिल्लं होती. मी झाडाच्या सालीखाली, मिळेल तितकी खोल घुसले. वर माझ्या बहिणी उताण्या पडून पाय झाडत होत्या.

त्याची थोरली बहीण देल्फिना नाकाला रुमाल लावून धावत आली. "बाजूला हो! साप आत असताना विष मारतोस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

तिने रेइनाला बाहेर ओढलं, अंगणातल्या नळाखाली धुतलं आणि उशीच्या अभ्र्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत आली ती फणफणतच.

"घाणीत लोळून कातडी कुजलीय तिची. किड्यांनी नाही, तू केलंस हे."

"पण साफसफाईला किडे होते ना, ताई..."

"किडे आहेत ते, तुझी आई नाहीत!"

रेइना वाचली, पोटावरचे डाग मात्र राहिले. पेटीतली माती उपसताना सालीखाली आम्ही थोड्या जिवंत सापडलो. देल्फिनाने आम्हाला दारातल्या नेच्याच्या कुंडीत सोडलं. माझी निम्मी पिल्लं पिशवीतच मेली होती.

काल उबाल्दो कुंडीपाशी आला. "ताई, पेटी धुतली. नवी माती घातली. किडे परत टाकू?"

"आधी काही महिने स्वतःच्या हाताने घाण उचल. मग विचारू."

"कोणाला?"

"त्यांनाच."

तर ऐक, उबाल्दो. ओल दे, पानं दे, मोठी घाण तू उचल, म्हणजे आमचं काम आम्ही चोख करतो. तेवढंही जमत नसेल तर साप पाळू नकोस. माझी उरलेली पिल्लं आता पानं कुरतडायला लागलीत. त्यांच्यातलं एकही मी तुझ्या पेटीत पाठवणार नाही.