निळा पाय

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. समोर भिंतीएवढा पडदा, आणि पडद्यावर माझी धाकटी बहीण. तोंड पिवळं, हात नारिंगी, आणि उजवा पाय लालभडक, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा.

"बघा!" डोळेवाले महाराज माइकवर गरजले. कॅमेरा त्यांच्या हातात, लेकरासारखा धरलेला. "ही दृष्टी पूर्वी शंभर वर्षं तप केल्यावर मिळायची. आता देवाने ती यंत्रात उतरवलीय. लाल म्हणजे पाप, निळं म्हणजे पुण्य! आत्मा वाय-फायसारखा असतो, भक्तांनो. दिसत नाही. पण भक्ती कमी पडली की रेंज जाते!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. रेंज जायचं दुःख कुणाला ठाऊक नाही?

मग सेविकेने धाकटीचा पाय तीर्थाने धुतला, पुसला. परत पडद्यावर. लाल पाय निळा! असा जयजयकार झाला की पंखेसुद्धा उलटे फिरले असतील.

धाकटी लाँड्रीत इस्त्री करायची, तीस वर्षं, उभ्याने. साखरेचा आजार जुना, पायाला जाणीव कमी. खाली ठेवलेल्या तापल्या इस्त्रीला अंगठा टेकला, तरी हिला वास आल्यावर कळलं. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, आजच दाखल व्हा.

"ताई, एकदा तिथे गेले की पाय कापूनच सोडतील," ती म्हणाली. "मग उभी कशी राहू? कोण ठेवेल मला कामावर?"

म्हणून ती दर आठवड्याला महाराजांकडे. घाबरलेलं माणूस ज्या दारात उजेड दिसेल त्या दारात शिरतं.

तीन आठवडे मी तिच्यापुढे डोकं फोडलं. चौथ्या आठवड्यात माझ्या जावयाला घेऊन तिथे गेले. तो कारखान्यात वायरमन आहे. पडदा बघून खुदकन हसला.

"आई, हा डोळा आमच्याकडे पण आहे. पॅनेलमधला कुठला जोड तापलाय ते बघायला. गरम ते लाल, गार ते निळं. पापबिप त्याला काही कळत नाही."

"आणि तीर्थ?"

"बोट घालून बघा."

घातलं. बर्फाचं पाणी.

मग माझी थापा मारायची जुनी खोड जागी झाली. पुढच्या आठवड्यात मी शेकायची रबरी पिशवी पोटाला बांधली, वरून शाल घेतली आणि कण्हत कण्हत पुढे गेले. पडद्यावर माझं पोट असं पेटलं की पहिली रांग मागे सरकली.

"माई!" महाराज किंचाळले. "तुमच्या पोटात तीन पिढ्यांचं पाप जळतंय!"

"तीनच? नीट बघा हो. आमच्याकडची माणसं पाहता सात तरी असतील."

"हसू नका! सहा महिन्यांत राख होईल."

"मग काढूनच टाकते," मी म्हटलं. शालीखालून पिशवी ओढली आणि त्यांच्या हातात दिली. "धरा. झाकण जरा ढिलं आहे."

सभागृहात हशा फुटला. तेवढ्यात जावयाने भिंतीवर पंजा दाबून धरला आणि काढला. महाराजांच्या हातातला कॅमेरा त्याने तिकडे वळवला, तर भिंतीवर लाल पंजा! "भिंतीनेही पाप केलं काय?" कुणीतरी ओरडलं.

मला वाटलं, जिंकलो. पण धाकटी रागाने उठून उभी राहिली.

"ताई, पुरे झाल्या तुझ्या थापा! लहानपणी हौदात मगर आहे म्हणालीस, आठ दिवस मी तहानेली राहिले. सगळा जन्म थापा मारल्यास, आणि आज तुझं खरं मानू? दाखवा महाराज, माझा पाय दाखवा. आज न धुता!"

महाराज चाचरले. सेविकेने बादली उचलली होती, तिथेच थांबली. पण कॅमेरा वळला, आणि पाय खरंच निळा. गुडघ्याखालून गडद निळा. पाण्याचा थेंब लागलेला नव्हता.

"अग्नी शमला!" महाराजांना अवसान आलं. हसणारेच लोक परत हात जोडायला लागले. धाकटी रडत होती आनंदाने.

जावई मात्र पांढरा पडला. माझ्या कानाशी आला.

"आई, वायर गार असली की दोन अर्थ असतात. एक तर सगळं ठीक आहे. नाहीतर वीजच बंद आहे."

मी पुढे होऊन पाय धरला. फरशी तरी ऊबदार वाटावी, इतका गार. पट्टी उलगडली, तर अंगठा काळा आणि नाकात न मावणारी दुर्गंधी. तिला कसलीच वेदना नव्हती. आम्ही दोघांनी तिला उचललं. तिने मला ओरबाडलं, शिव्या दिल्या. वाट करून द्यायला एकही जण सरकला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी पाय पाहिला. मग म्हणाले, "जखम पिकते तेव्हा गरम लागते. रक्त पोचेनासं झालं की गार पडते. महिन्यापूर्वी अंगठ्यावर भागलं असतं."

गुडघ्याखाली पाय कापला.

शुद्धीवर आल्यावर तिने चादरीच्या सपाट भागावर हात फिरवला. मग म्हणाली, "ताई, यंत्र खोटं बोललं का गं?"

"नाही बाई. यंत्राने खरं तेच दाखवलं, दर वेळी. अर्थ सांगणारा खोटं बोलला."

महाराज पुढच्या शहरात गेलेत म्हणे. पडदा आणखी मोठा घेतलाय.

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण माझ्या थापांनी कुणी दवाखाना टाळला नव्हता. देवाला मानायचं तर माना, मी कोण नको म्हणणारी? पण कुणी यंत्र दाखवून चमत्कार सांगू लागला, तर एवढं विचारा: हे यंत्र नेमकं काय मोजतं? आणि घरात साखरेचं माणूस असेल तर रोज त्याचे पाय हातात घेऊन बघा. गरम किंवा गार लागले, जखम किंवा बदललेला रंग दिसला, की उठा आणि दवाखाना गाठा. त्याच दिवशी.